नव्या विभागप्रमुखास सल्ला

महापे येथील कारखान्यात आपण प्रथमच विभागप्रमुख झाला आहात, तेव्हा परिवर्तनवादी, म्हणजे माणसांना प्रेरित करून बदल घडवणाऱ्या, नेतृत्वाचे चारही घटक (स्वतः आदर्श घालून देणे, प्रेरणा देणे, नव्या विचारास चालना देणे, प्रत्येकाकडे व्यक्तिशः लक्ष देणे) एकदम अंगीकारण्याचा अट्टाहास धरू नका. यांपैकी शेवटचा, एवढा एकच तूर्त पुरे. शिफ्ट बदलताना मशीनपाशी थांबून ऑपरेटरला कोणते काम विनाकारण अडते ते विचारा आणि त्यातील एक अडचण त्याच आठवड्यात दूर करा.

नवखे हमखास चुकतात ते येथे:

- भिंतीवर ध्येयवाक्य लागते, पण ओव्हरटाइमचा हिशेब महिनाभर रखडतो. नेतृत्वाचे अभ्यासक बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये मांडल्याप्रमाणे हे नेतृत्व रोजच्या देण्याघेण्याच्या (कामाच्या बदल्यात मोबदला) व्यवहाराची जागा घेत नाही, त्यात भर घालते.
- जुन्या सुपरवायझरला चारचौघांत सुनावले जाते. (त्यानंतर नव्या कल्पना सुचवणार कोण?)

हे नेतृत्व जोखण्याच्या प्रश्नावल्या आणि मोजमापे वर्षभराने पाहू.