नळी बदलण्याआधी: जुन्या लष्करी रायफलींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी ली-एनफिल्ड नंबर 4 शंभर मीटरवर गोळ्या ताटभर पसरवते. नळी झिजलीय, असं सगळे म्हणतात. नवी बसवून घेऊ का?

उत्तर: इतक्यात नको. ‘नळी गेली’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रायफलींची नळी चांगली असते. आधी तांब्याचा थर काढणाऱ्या द्रावणाने ती साफ करा. फडक्यावर निळसर हिरवा डाग उमटेनासा होईपर्यंत सोडू नका. दोन-तीन दिवसही लागतील.

मग रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (काडतूस आत ढकलून मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा) काढा आणि या रायफलीच्या .303 मापाची सुटी गोळी (अख्खं काडतूस नव्हे) टोकाकडून नळीच्या तोंडात धरा. ती थोडी आत जाऊन घट्ट बसली पाहिजे. अख्खी आत गेली किंवा डुगडुगली, तर तोंड झिजलंय. उजेडात नीट पाहा: बहुतेकदा नळीतल्या पिळाचे एकाच बाजूचे उंचवटे बसलेले दिसतात. वर्षानुवर्षं साफसफाईची दोरी किंवा गज तिथेच घासत आल्याची ती खूण. झीज तोंडापुरतीच असेल तर नळी बदलायचं कारण नाही. गनस्मिथकडून तोंड नव्याने कापून घ्या. कित्येक रशियन मोसिन-नागां रायफलींच्या नळ्यांचं तोंड लष्करी कारखान्यांनीच आतून मोठं करून त्या पुन्हा कामाला लावल्या होत्या.

लाकूडही तपासा. नंबर 4 मध्ये पुढचं लाकूड मागच्या टोकाला रिसीव्हरवर (नळी ज्यात आट्यांनी बसते आणि बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावर) घट्ट टेकलेलं हवं आणि तोंडाजवळ त्याने नळीला वर रेटलं पाहिजे. लाकूड सुकून आक्रसलं की दोन्ही सुटतं आणि दोष मात्र नळीवर येतो.

चेंबरच्या (काडतूस बसतं त्या मागच्या पोकळीच्या) पुढचा घसा मात्र कॉर्डाइट या जुन्या दारूच्या उष्णतेने जळून खरवडलेला असेल, तर त्याला दुरुस्ती नाही. तेव्हा नळी बदला.

प्रश्न: नंबर 4 ला नवी नळी बसवल्यावर हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर) जास्त भरतोय. मोठं बोल्ट हेड (बोल्टच्या टोकाचा सुटा तुकडा) लावलं की झालं ना?

उत्तर: नंबर 4 साठी 0 ते 3 अशी चार मापांची हेड निघाली, ती याचसाठी. पण आकड्यावर विसंबू नका. जुन्या हेडांची मापं एकमेकांत मिसळतात. मायक्रोमीटरने मोजा आणि गेज (ठरलेल्या मापाचा तुकडा) लावा. .064 इंचाच्या गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, .074 च्या गेजवर मिटता कामा नये. 3 नंबरनेही जमत नसेल तर रायफल बाजूला ठेवा आणि बोल्ट, रिसीव्हर जाणकाराला दाखवा. ‘एक गोळी झाडून पाहतो’ हा विचार मनातही आणू नका. काडतूस मागून फाटलं तर वायू तुमच्या चेहऱ्याकडे येतो.

प्रश्न: माउझर 98 ची नळी काही केल्या सुटत नाही. तापवू का?

उत्तर: अजिबात नको! रिसीव्हरच्या पृष्ठभागावर कठीण थर दिलेला असतो. टॉर्चने तो उतरला की रिसीव्हर वरून तसाच दिसतो, पण बोल्ट अडकवून धरणाऱ्या त्याच्या कानांमागची जागा मऊ पडून हळूहळू दबत जाते. भिनणारं तेल सोडून काही दिवस थांबा. नळीसाठी भक्कम व्हाइस हवा आणि रिसीव्हरला अंगाबरोबर बसणारा पाना. एका बाजूने रेटणारा पाना रिसीव्हर पिळून टाकतो. जुनी नळी भंगारच असेल तर गनस्मिथ लेथवर रिसीव्हरच्या अगदी पुढे तिच्यात एक खोल खाच घेतो. ताण मोकळा होतो आणि आटे सुटतात.

नवी बसवताना लक्षात ठेवा, 98 मध्ये नळीचं मागचं तोंड रिसीव्हरच्या आतल्या कड्यावर टेकतं. बाहेरून फट दिसली म्हणून नळी आणखी आवळू नका. शिवाय 98 चं 7.92 मिमी काडतूस खांद्यावर (ते निमुळतं होतं तिथे) टेकतं, .303 सारखं बुडाच्या काठावर नाही. त्यामुळे बोल्ट हेड बदलून इथे भागत नाही. चेंबर शेवटी रीमरने (भोक आतून कातणाऱ्या हत्याराने) थोडं थोडं घेत, दर वेळी गेज लावूनच पुरं करावं लागतं.

प्रश्न: काढलेली जुनी नळी टाकून देऊ का?

उत्तर: टाकू नका. तिच्यावरचे शिक्के, वर्ष आणि क्रमांक हा त्या रायफलचा इतिहास आहे. तेल लावून, रायफलच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून, कायद्याने लागणाऱ्या नोंदीसह जपून ठेवा. जुन्या काडतुसांच्या कॅपमधला (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीतला) क्षार तेलात विरघळत नाही. म्हणून आधी गरम पाण्याने नळी धुवा, पुरती वाळवा आणि मगच तेल लावा.