बाकी काही नाही ना?

प्रश्न : आई गेल्याला सात महिने झाले. बाबा ७१ वर्षांचे आहेत, एकटेच राहतात. मी रोज रात्री न चुकता फोन करते. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, बीपी किती आलं, बाकी काही नाही ना... चार मिनिटांत फोन संपतो. हजेरी घेतल्यासारखं वाटतं. माणसांना जवळ आणणाऱ्या ३६ प्रश्नांची यादी मध्यंतरी वाचनात आली. त्याच धर्तीवर परवा धीर करून विचारलं, "बाबा, तुम्हाला आयुष्यात कशाची खंत वाटते?" ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "काय झालं? तू बरी आहेस ना?" मला आधी हसू आलं आणि मग रडू. (त्याआधी ते एवढंच बोलले होते की आईचा चष्मा सापडला, कपाटामागे पडला होता. मी म्हटलं, बरं, जपून ठेवा.) आमच्यात बोलण्यासारखं काही उरलंच नाही का? की मला विचारताच येत नाही?

उत्तर : रोज बीपीचा आकडा विचारणाऱ्या मुलीने एका रात्री अचानक आयुष्याची खंत विचारली, तर मीही आधी तिच्याच तब्येतीची चौकशी केली असती. तेव्हा बाबांना दोष नको.

त्या यादीचं आधी सांगते. आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ती प्रसिद्ध केली. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या जोड्या, बारा-बारा प्रश्नांचे तीन संच आणि साधारण पाऊण तास, असा तो प्रयोग होता. सुरुवातीचे प्रश्न हलके, पुढे पुढे आतले. आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. यादी या हातातून त्या हातात फिरली तशा या दोन्ही अटी गळून पडल्या. लोक थेट शेवटच्या संचाच्या खोल पाण्याशी जातात आणि स्वतः काठावर उभं राहून समोरच्याला ढकलतात. तुमची खंत तुम्ही बाबांना सांगितली होती का?

आता माझी गोष्ट. मी रेडिओवर मुलाखती घ्यायचे. तेव्हा ध्वनिमुद्रण टेपच्या स्पूलवर व्हायचं आणि संपादन म्हणजे ब्लेडने टेप तिरपी कापून चिकटपट्टीने जोडणं. पाहुणा अडखळला, गप्प झाला, की तेवढी टेप मी कापून टाकायचे. दिवसाखेर टेबलाखाली नुसत्या शांततेचे तुकडे पडलेले असायचे. माझा हात साफ आहे म्हणून कौतुकही व्हायचं.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराची मुलाखत होती. माझ्या हातातल्या कागदावर अकरा प्रश्न. बोलता बोलता ते म्हणाले, "नजर गेली, मुलाने दुकान विकलं. पण सकाळी उठलं की हात अजून किल्ली शोधतो." आणि मी विचारलं, "नव्या पिढीला काय संदेश द्याल?"

तो माझा नववा प्रश्न होता. ते म्हणाले, "कष्ट करावेत." आणखी काय म्हणणार!

ती टेप मी पुष्कळ वर्षांनी पुन्हा ऐकली. "किल्ली शोधतो" आणि माझा प्रश्न यांच्यात तेव्हा एक छोटी जागा होती, तीही मी कापली होती. जोड ऐकू येतो. कुठली किल्ली, दुकानाची की घड्याळाची, हे मला आजही माहीत नाही. एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

तुमच्या पत्रातही तसंच काहीतरी आहे आणि तुम्ही ते कंसात टाकलंय. आईचा चष्मा. कपाटामागचा चष्मा उगाच सापडत नाही हो. कपाट सरकवावं लागतं, नाहीतर वाकून हात घालावा लागतो. ७१ वर्षांचा माणूस कपाटामागे काय शोधत होता? सापडल्यावर काचा पुसल्या का? आता तो कुठे ठेवलाय? हे तीन झाले, पण तुम्ही एकच विचारा. मला वाटतं, शेवटचा. "बाबा, आईचा चष्मा कुठे ठेवलात?" यात खोल काही नाही, कोणी घाबरणार नाही. त्यांना वाटलं तर "टेबलावर" म्हणून मोकळे होतील. वाटलं तर टेबलापासून पुढेही जातील.

"टेबलावर" म्हणाले तर गप्प राहा. हे फार जड जातं, फोनवर तर जास्तच, कारण लाइन कट झाली की काय असं वाटतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळेतल्या वर्गांमध्ये मोजून पाहिलं होतं : प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एखादा सेकंद थांबत, मग स्वतःच बोलू लागत. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला शिकले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे किती, ते आत्ता घड्याळ बघून मोजा. मी दर आठवड्याला तेवढ्याच लांबीचे तुकडे केराच्या टोपलीत टाकत होते.

आणखी एक. तुमचा फोन ज्या वाक्याने संपतो, ते बदला. "बाकी काही नाही ना?" यात "नाही" तुम्हीच बोलून ठेवलंय, त्यांनी फक्त मान डोलवायची. २००७ साली समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या खोलीत हेच तपासलं. एकाहून जास्त तक्रारी घेऊन आलेल्या पेशंटांना काही डॉक्टरांनी "एनिथिंग एल्स" असं विचारलं, काहींनी "समथिंग एल्स". एवढ्या एका शब्दाच्या फरकाने, "समथिंग" म्हणणाऱ्यांकडे सांगायच्या राहून गेलेल्या तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या; "एनिथिंग"ने काही फरक पडला नाही. आपल्याकडे तो फरक "नाही ना" आणि "आणखी काय" यांच्यात आहे. "आणखी काय, बाबा?" म्हणा आणि थांबा.

गोळ्यांचं विचारणं मात्र सोडू नका. त्या चार मिनिटांना तुम्ही हजेरी म्हणता, पण रात्री फोन वाजणार हे माहीत असणं एकट्या माणसाला कमी नसतं. चष्म्याची बातमी त्यांनी त्याच चार मिनिटांत तुम्हाला दिली, दुसऱ्या कोणाला नाही. आणि एखाद्या रात्री प्रश्न विचारूच नका. आईची तुम्हाला आज कशावरून आठवण आली, ते सांगा. तुम्हीही सात महिन्यांत हे त्यांच्याशी बोलला नसाल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : लोकांशी ओळख वाढवायची तर त्यांच्यात रस घ्यावा, प्रश्न विचारावेत, असं सगळे सांगतात. मी तेच करतो. पण परवा ऑफिसातला एक जण हसत म्हणाला, "अरे, फॉर्म भरून घेतोयस का माझा?" प्रश्न किती विचारावेत? कोणते टाळावेत? खासगी कशाला म्हणायचं? "का" असं विचारलेलं लोकांना का खटकतं? माझं काय चुकतंय? बदली झाल्यापासून संध्याकाळी बोलायला कोणी नाही.

उत्तर : "का"चं सोपं आहे. "नोकरी का सोडली?" म्हटलं की माणूस सफाई देऊ लागतो. "सोडली तेव्हा काय चाललं होतं?" म्हटलं की गोष्ट सांगतो. बाकीच्यांना आकड्यात उत्तर नाही. हार्वर्डच्या काही संशोधकांनी २०१७ साली गप्पा तपासल्या, तेव्हा जास्त प्रश्न विचारणारी माणसं इतरांना अधिक आवडलेली दिसली, पण विशेषतः समोरच्याच्या बोलण्यातला धागा धरून पुढचं विचारणारी. गाव, शिक्षण, नोकरी, मुलं असे एकापुढे एक रकाने आले की तो फॉर्मच होतो. तुमचा सहकारी खोटं बोलला नाही. शिवाय दोन प्रश्नांच्या मध्ये स्वतःचंही थोडं सांगत चला, म्हणजे समोरच्यालाही काही विचारता येईल.

तुमच्या पत्रात मला पाच प्रश्न आहेत. स्वतःबद्दल, ऑफिसातला तो किस्सा सोडला तर, एकच वाक्य आहे आणि तेही अगदी शेवटी. ही बदली तुम्ही मागून घेतली होती, की झाली? आधी संध्याकाळी कोणाशी बोलायचात? पुढच्या पत्रात तेवढंच लिहा.