आधी हवा कोरडी कर, मग टक्के मोज

प्रिय,

तुझे आकडे पाहिले. एकाच बॅचमधला एक पेरोव्हस्काइट (उजेड शोषणारा स्फटिक पदार्थ) सौर सेल १७ टक्के कार्यक्षमतेचा, शेजारचा ११, आणि तू विचारतोयस की सोल्युशनमध्ये नवीन ॲडिटिव्ह (पूरक रसायन) कोणतं घालू? सध्या कोणतंच नको. एवढी तफावत असताना दोन टक्के ॲडिटिव्हने वाढले की नशिबाने, हे तुला कळणारच नाही.

जुलैत कोल्हापुरात धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या हवेत उघड्यावर स्पिन कोटिंग (काच गरगर फिरवत सोल्युशनचा पातळ थर देणं) केलंस तर सारख्या फिल्म कुठून येणार? ग्लोव्हबॉक्समध्ये (कोरड्या वायूच्या बंद पेटीत) पाळी मिळत नसेल तर कोरडी हवा सोडलेली छोटी पेटी बनव. आर्द्रतामापक खोलीच्या भिंतीवर नको, स्पिन कोटरला चिकटून हवा. प्रत्येक सेलपुढे त्याचा आकडा वहीत लिही.

रेसिपी तिहेरी कॅटायनचीच (सीझियम, एफए आणि एमए या तीन धन आयनांची) ठेव. डीएमएफ-डीएमएसओ या द्रावकांच्या ४:१ मिश्रणात लेड आयोडाइड १.१, एफएआय (फॉर्मअमिडिनियम आयोडाइड) १, लेड ब्रोमाइड ०.२२ आणि एमएबीआर (मिथाइलअमोनियम ब्रोमाइड) ०.२ मोलार, त्यात डीएमएसओमधलं १.५ मोलार सीझियम आयोडाइड, आकारमानाने ५ टक्के. स्पिन कोटर १००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १० सेकंद, मग ६०००ला २०. शेवटचे ५ सेकंद उरले की १०० मायक्रोलिटर क्लोरोबेंझीन (त्याने स्फटिक एकदम बनायला लागतात), आणि मग १०० अंश सेल्सियसवर तासभर तापव.

हात चुकतो तो क्लोरोबेंझीनपाशी. उशीर झाला की स्फटिक आधीच मोठे झालेले असतात आणि फिल्म दुधाळ दिसते. घाई केली तर सोल्युशन अजून पुरेसं दाटलेलं नसतं, मग फिल्ममध्ये बारीक छिद्रं राहतात. थेंब-थेंब टाकू नकोस. मध्यभागी एक सलग धार, एकाच दमात.

या रेसिपीत लेड मुद्दाम थोडं जास्त आहे. त्याने सुरुवातीचे टक्के वाढतात, पण उरलेलं लेड आयोडाइड उजेडात विघटित होतं आणि सेल लवकर थकतो. म्हणून टिकाऊपणाच्या बॅचसाठी लेड कमी करत नेऊन बघ. पहिल्या दिवशीचा अर्धा टक्का गेला तरी जाऊ दे.

फिल्म पिवळी पडली की लगेच पाण्याला दोष देऊ नकोस, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी) काढ. तांब्याच्या के-अल्फा किरणांवर १२.७ अंशांजवळ शिखर वाढलं तर लेड आयोडाइड, म्हणजे पेरोव्हस्काइट मोडतंय. ११.८ जवळ आलं तर एफएचा निकामी पिवळा फेज (स्फटिकरूप). मग सीझियमचं प्रमाण तपास. दोन्हींचा रंग जवळपास सारखा, इलाज मात्र वेगळे.

स्पायरोमधलं (पॉझिटिव्ह चार्ज इलेक्ट्रोडकडे नेणाऱ्या थरातलं) लिथियम मीठ ओलावा ओढतं. चांदीचा इलेक्ट्रोड स्वस्त पडतो, पण आयोडाइड तिथवर पोचलं की सिल्व्हर आयोडाइड तयार होतं. टिकाऊपणा मोजायचे सेल सोन्याचेच कर, आणि कडा ब्यूटाइल रबरने बंद कर, नुसत्या इपॉक्सीवर भागवू नकोस.

मोजताना सेलवर ठरावीक छिद्राचा मास्क लाव, नाहीतर क्षेत्रफळ खोटं आणि टक्केही खोटे. जे-व्ही (विद्युतप्रवाह-व्होल्टेज) वक्र व्होल्टेज वाढवत आणि कमी करत, दोन्ही दिशांनी घे. फक्त उलट्या (व्होल्टेज कमी करत घेतलेल्या) स्कॅनचा आकडा दाखवायची खोड आत्ताच मोड. कमाल शक्तीच्या बिंदूवर स्थिर झालेला आकडाच लिही.

डीएमएफ कातडीतून शिरतं आणि शिरताना विरघळलेलं लेडही बरोबर नेतं, तेव्हा हातमोजा फाटला की लगेच बदल. उरलेलं सोल्युशन आणि पुसलेला कापूस लेडच्या वेगळ्या बाटलीत. बेसिनमध्ये थेंबही नको.

एकच रेसिपी, १२ सेल, काहीही न बदलता. बाराचे बारा आकडे पाठव, सगळ्यात वाईट सेलसकट.

तुझा,
सर