अवयव पाडायचे, विभाजक शोधायचे

डिचोलीच्या एका बाई विचारतात: “मुलगा पाचवीपासून गणित इंग्रजीतून शिकतोय, घरी मी मराठीतून समजावते. १२३४५६७८९ चे फॅक्टर काढायचे होते. मराठीत त्यांना अवयव म्हणावं की विभाजक? की दोन्ही एकच?”

व्याख्येपुरतं बघितलं तर एकच. जिने भागल्यावर बाकी उरत नाही ती संख्या विभाजक, आणि तिलाच अवयवही म्हणतात. फरक आहे तो वापरात, आणि तो क्रियापदात लगेच कळतो. विभाजक आपण शोधतो, लिहितो, अवयव पाडतो. ‘विभाजक पाडले’ असं कोणी म्हणत नाही. हे पाडणं म्हणजे पाडेली माडावर चढून नारळ पाडतो ते नव्हे. तुकडे पाडणे, हिस्से पाडणे यातलं आहे. सगळे हिस्से एकत्र केले की पुरी वस्तू भरली पाहिजे. तसंच पाडलेल्या अवयवांचा गुणाकार केला की संख्या परत मिळालीच पाहिजे. विभाजकांच्या यादीला अशी अट नसते.

तुमचीच संख्या घेऊ: बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो आणि १३७१७४२१ उरतात. इथवर तोंडी जमतं. पुढे मात्र ही संख्या चिवट आहे. ३, ७, ११, १३, कोणाचाच भाग जात नाही. जातो तो थेट ३६०७ चा.

१२३४५६७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

चारही मूळ संख्या (१ आणि ती स्वतः, एवढेच विभाजक असलेल्या), म्हणजे मूळ अवयव पाडून झाले. विभाजक मात्र १२ आहेत. ३ एकदाही न घेणं, एकदा घेणं किंवा दोनदा घेणं, असे तीन पर्याय; ३६०७ आणि ३८०३ प्रत्येकी घ्यायचे किंवा सोडायचे; ३ × २ × २ = १२. काहीच घेतलं नाही की १, सगळं घेतलं की खुद्द संख्या. ३४२२७ हा यातलाच एक विभाजक (९ × ३८०३), पण वरच्या ओळीत तो कुठेच दिसत नाही. म्हणून वहीत ‘प्राइम फॅक्टर’ मागितले असतील तर ‘मूळ अवयव पाड’ म्हणा, ‘ऑल फॅक्टर्स’ असेल तर ‘सगळे विभाजक लिही’.

तुम्ही पत्रात पुढे ‘अभाज्य संख्या’ असं लिहिलंय. तो हिंदी पुस्तकांतला शब्द. मराठीत ‘मूळ संख्या’च रुळलाय आणि मला तो फार आवडतो, कारण त्याचा गोतावळा मोठा आहे: जोडमूळ (दोनाचा फरक असलेल्या दोन मूळ संख्या), सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या संख्या), मूळ अवयव. ३६०७ आणि ३८०३ परस्पर सहमूळ आहेत. १२३४५६७८९ आणि उलट लिहिलेली ९८७६५४३२१ मात्र सहमूळ नाहीत, त्यांचा मसावि, म्हणजे सर्वांत मोठा सामाईक विभाजक, ९ येतो.

ही उलटी संख्या मुलाला सरावाला जरूर द्या. अवयव पाडले की ३ × ३ × १७ × १७ × ३७९७२१ मिळतात, आणि विभाजक १८ भरतात.