भेंडी पिवळी पडतेय? माती बदलू नका

तुमच्या खारघरच्या गच्चीवरच्या भेंडीचा फोटो पाहिला. नेरूळला आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. हा विषाणू कुठून आला, मातीत तयार होतो का, माती बदलू का, असं तुम्ही विचारलंय. मातीला हात लावू नका. हा केवडा आहे, काही जण हळद्या म्हणतात. पांढऱ्या माशीमार्फत झाडाझाडांत पसरणारा हा विषाणूचा रोग आहे.

पान उजेडात धरा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, तर केवडा. लोह कमी पडलं तर नेमकं उलटं दिसतं. एका सल्ला केंद्रानं हे न पाहता, पान उलटून पांढरी माशी न शोधता आम्हाला लोहाची फवारणी लिहून दिली, वर माती बदलायला लावली. तोवर रोगट झाडं तशीच उभी राहिली आणि माशीनं सगळी रांग धरली. पैशांचं जाऊ द्या, अख्खा हंगाम गेला. अजून संताप होतो.

उगमाबद्दल वाचलेलं सांगते, मी तज्ज्ञ नाही. हा जेमिनीविषाणू नावाच्या, झाडांना होणाऱ्या विषाणूंच्या गटातला. त्यांचा डीएनए एकेरी धाग्याचा आणि गोल. त्याच्या प्रती काढणाऱ्या 'रेप' प्रथिनाचं नातं जिवाणूंमधल्या प्लाझ्मिडशी, म्हणजे त्यांच्या मुख्य डीएनएपासून वेगळ्या छोट्या डीएनएशी, जुळतं. कवच मात्र वनस्पतींच्या एखाद्या आरएनए विषाणूकडून आलं असावं, असं काही संशोधक मानतात. तंबाखूच्या जनुकसंचात या गटाच्या डीएनएचे जुने तुकडे कायमचे रुतलेले सापडलेत. भेंडीवरच्या केवड्याची मुंबई इलाख्यातली नोंदच १९२४ची आहे. तुमच्या कुंडीत काही नव्यानं जन्मलेलं नाही.

डीएनएच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल हे विषाणू आजही करतात, त्यातून नवे प्रकार तयार होतात. म्हणून 'रोगप्रतिकारक' छापलेल्या बियाण्याच्या पाकिटावर मी विसंबत नाही. पुसा सावनी ही भेंडीची जात एकेकाळी तग धरायची, आता लगेच बळी पडते. रानटी भेंडीशी संकर करून काढलेली परभणी क्रांती बरी, पण तिचीही कायमची खात्री मी देणार नाही.

पिवळं झाड बरं होत नाही. आजच, सकाळी माशी सुस्त असताना उपटा आणि पिशवीत बांधून टाका. आसपासची भेंडीच्या कुळातली तणं काढा, पिवळे चिकट सापळे लावा, निंबोळी तेल पानांच्या खालून मारा. मिरचीची पानं वळत असतील तर तेही याच माशीचं काम असू शकतं. पण फुलकिड्यांनीही वळतात, तेव्हा औषध आणण्याआधी फोटो टाका.