बॅकला खेळणाऱ्या पोरांसाठी: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा कॅप्टन व्हर्जिल व्हॅन डाइक याच्याबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर शहापूर, खानापूर, चिकोडी, निपाणी अशी चहूकडून पत्रं आली. गोल मारणाऱ्यांबद्दल सगळेच विचारतात, बॅकबद्दल, म्हणजे मागं राहून गोल अडवणाऱ्यांबद्दल, इतक्या जणांनी विचारावं याचा मला फार आनंद झाला. मी स्वतः स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, खेळलो, पुढं शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून पोरांना घडवलं, त्यामुळं हा विषय माझ्या जिवाभावाचा आहे.

माझा मुलगा दहावीत आहे. फॉरवर्डला खेळायचा. यंदा सरांनी त्याला राइट बॅकला टाकलं आणि टीम निवडताना बाहेरच बसवलं. उंची कमी, पळण्यात हळू, असं कारण दिलं. पोरगं धड जेवत नाही. त्याचे बाबा म्हणतात, फुटबॉल बास, दहावीचं बघ. काय करू?
एक आई, शहापूर

ताई, आधी त्याला शेजारी बसवून पोटभर जेवू घाला. आणि जेवताना त्याला हे सांगा, की जे त्याला ऐकावं लागलं तेच व्हॅन डाइकलाही ऐकावं लागलं होतं.

हा मुलगा हॉलंडच्या दक्षिणेकडच्या ब्रेडा शहरातला, जन्म ८ जुलै १९९१चा. वडील डच, आई मूळची सुरिनामची. विलेम टू या क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये तोही राइट बॅकच होता, आणि तिथल्या लोकांना तो ना उंच वाटायचा ना वेगवान. प्रॅक्टिस करून संध्याकाळी तो ब्रेडातल्या एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचा. फुटबॉलच्या मागं लागण्यापेक्षा इथंच जास्त दिवस कामाला ये, चार पैसे जास्त मिळतील, असं मालकानं त्याला सुचवलंही होतं. मालकाला दोष कशाला द्यायचा? त्या वेळी डोळ्यांना दिसत होतं ते त्यानं सांगितलं.

मग सतराव्या वर्षाच्या आसपास त्याची उंची एकदम १८ सेंटिमीटरनं वाढली. तरीही विलेम टूनं त्याला सीनियर टीममध्ये घेतलं नाही. ग्रोनिंगन क्लबसाठी नवे खेळाडू हेरणारे मार्टिन कूमन, म्हणजे हॉलंडचा नावाजलेला खेळाडू रोनाल्ड कूमन याचे वडील, यांनी त्याला हेरलं आणि २०१० साली तो तिकडं गेला. एक पैसाही मोजावा लागला नाही. पुढची चाल बघा: २०१३ साली स्कॉटलंडचा सेल्टिक, २०१५ साली इंग्लंडचा साउदॅम्प्टन, २०१८च्या जानेवारीत लिव्हरपूल. आयाक्स, पीएसव्ही, फायनूर्ड या हॉलंडच्या तिन्ही मोठ्या क्लबांकडून तो कधीच खेळला नाही. देशाची जर्सी मिळाली तेव्हा तो २४ वर्षांचा होता. आपल्याकडं चोविसाव्या वर्षी पोराला म्हणतात, आता खेळ पुरे, कुठं चिकटतोस ते सांग.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी, आई म्हणून. २०१२ साली ग्रोनिंगनला असताना त्याच्या पोटात दुखू लागलं. आधी औषध देऊन घरी पाठवलं. आई भेटायला आली, पोराची अवस्था बघून तिनं पुन्हा हॉस्पिटल गाठलं, तेव्हा कळलं की अपेंडिक्स फुटून विष पोटात पसरलंय. वीस वर्षांच्या पोराला मृत्युपत्राच्या कागदांवर सही करण्याची वेळ आली. त्यातून तो उठला आणि पुढच्याच वर्षी सेल्टिकला गेला.

तुमच्या मुलाची उंची वाढेलच असं मी म्हणणार नाही. ते कुणाच्या हातात नाही. पण राइट बॅकला उंचीपेक्षा दोन्ही पाय लागतात. त्याला सांगा, घराच्या भिंतीवर डाव्या पायानं बॉल मार, परत आला की डाव्यानंच थांबव. शेजारी कुरकुरले तर मैदानावर जा. दहावीच्या अभ्यासाला संध्याकाळचा एक तास काही जड जात नाही, हे बाबांना माझ्या नावानं सांगा.

सर, मी स्टॉपर खेळतो. टॅकल चांगली करतो, तरी महत्त्वाच्या मॅचला फॉरवर्ड मला कापून जातात. व्हॅन डाइकला कापून जाणं कुणाला जमत नाही म्हणतात, ते कसं?
कॉलेजचा विद्यार्थी, खानापूर

बाळा, "टॅकल चांगली करतो" हे जे तू अभिमानानं लिहिलंस, अडचण तिथंच आहे. टॅकल म्हणजे पाय घालून बॉल काढून घेणं, आणि तो पाय तू फार लवकर घालत असणार. बेळगावच्या लेले मैदानावर पावसाळ्यात हे रोज दिसतं. लाल चिखल असतो, बॅक दुरून घसरत येतो, फॉरवर्ड बॉल नुसता एक वीत बाजूला घेतो, आणि बॅक चिखलात आडवा. लोक वर "वा, काय टॅकल!" म्हणतात. तोवर बॉल जाळ्यात गेलेला असतो.

आता ३१ मार्च २०१९ची लिव्हरपूल विरुद्ध टॉटनम ही मॅच मोबाईलवर शोध. स्कोअर १-१, शेवटची काही मिनिटं उरलीत. लिव्हरपूल सगळं पुढं गेलेलं, आणि टॉटनमचा सिसोको बॉल घेऊन सुसाट सुटतो. त्याच्या जोडीला सोन ह्युंग-मिन. दोघांसमोर एकटा व्हॅन डाइक. अशा वेळी तू काय केलं असतंस? बॉलवर धावला असतास. सिसोकोनं अलगद सोनला पास दिला असता आणि खेळ खलास.

व्हॅन डाइक बॉलवर जात नाही. तो मागं मागं सरकतो, पण सरकताना सिसोको आणि सोन यांच्यामधल्या वाटेत आडवा उभा राहतो. सोन हा पक्का नेमबाज, दोन्ही पायांनी मारणारा. सिसोको उजव्या पायाचा, आणि त्याचं गोल मारणं फारसं भरवशाचं नाही. हे सगळं त्या दोन-तीन सेकंदांत त्याच्या डोक्यात चाललेलं असतं. मारायचंच असेल तर सिसोकोनं मारावं, आणि तेही डाव्या पायानं, अशी वेळ तो त्याच्यावर आणतो. पास निघणार नाही याची खात्री झाल्यावरच तो अंगावर जातो. सिसोको डाव्या पायानं मारतो, बॉल बारच्या पार वरून. टॅकल झालीच नाही. नव्वदाव्या मिनिटाला टॉटनमच्या बॅकचा स्वतःच्याच पोस्टमध्ये गोल झाला आणि लिव्हरपूल २-१ जिंकलं.

ती क्लिप पुन्हा पुन्हा बघ, पण बॉलकडं बघू नकोस, त्याच्या पायांकडं बघ. टाचा जमिनीवर टेकत नाहीत. अंग तिरपं, एक खांदा पुढं. म्हणजे फॉरवर्ड कुठल्याही बाजूला वळला तरी वळायला अर्धं पाऊल पुरतं. छाती समोर करून सरळ उभा राहिलास की दोन्ही बाजू उघड्या पडतात, पायांमधूनही बॉल जातो.

त्या २०१८-१९च्या लीग हंगामात त्याला चकवून एकही जण पुढं गेल्याची नोंद नाही. पुढं ऑगस्ट २०१९मध्ये आर्सेनलच्या पेपेनं ते पहिल्यांदा करून दाखवलं, तर त्याची बातमी झाली! त्याच वर्षी लिव्हरपूलनं चॅम्पियन्स लीग जिंकली, युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा मान पहिल्यांदाच एका बॅकला, व्हॅन डाइकला मिळाला, आणि बॅलन डी'ऑर या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला मेस्सीच्या मागं तो फक्त ७ गुणांनी राहिला.

तुझ्यासाठी सराव सांगतो. दोन मित्रांना तुझ्या अंगावर बॉल घेऊन यायला सांग. तू टॅकल करायचीच नाही. पाच आकडे मोजून होईपर्यंत दोघांना रोखून धरायचं, बस्स. पाच आकड्यांत तुझा एखादा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, धावत मागं येतोच. आणि तोंड उघडं ठेव. आपल्याकडच्या टीममध्ये अर्धी पोरं मराठी, अर्धी कन्नड, एखादा कोकणी बोलणारा. "मागं माणूस" म्हण, कन्नडमध्ये "बिडू", म्हणजे सोड, म्हण, काहीही म्हण, पण गोलकीपरला आणि शेजारच्या बॅकला तुझा आवाज ऐकू आला पाहिजे. मुका स्टॉपर मला कधीच आवडला नाही.

एका बॅकसाठी साडेसहाशे कोटी मोजणं हा पैशाचा माज नाही का?
निवृत्त बँक कर्मचारी, चिकोडी

व्हॅन डाइकसाठी लिव्हरपूलनं मोजलेली रक्कम ७ कोटी ५० लाख पौंड होती, तेव्हाच्या दरानं तुम्ही म्हणता तितकीच. बॅकसाठी जगात कुणी तोवर एवढे मोजले नव्हते. आपण पगारदार माणसं, आकडा बघून घशाला कोरड पडतेच. पण हिशेब बघा. तो हंगामाच्या मध्यावर आला त्या २०१७-१८च्या लीगमध्ये लिव्हरपूलवर ३८ गोल झाले. पुढच्या पूर्ण हंगामात २२. त्याच्या पुढच्या वर्षी तो लीगचं प्रत्येक मिनिट खेळला आणि लिव्हरपूलनं ३० वर्षांनी लीग जिंकली. मला तरी सौदा चोख वाटतो.

मुलगा कोल्हापूरला शिकतो, तिथं पेठेच्या टीमकडून खेळताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. आता सहाच महिन्यांत स्पर्धा आहे म्हणून हट्ट धरून बसलाय. सोडू का?
एक वडील, निपाणी

नाही. साहेब, इथं मी स्पष्ट बोलतो.

कोल्हापुरात मॅच बघितलेला माणूस त्या पोराचा जीव कसा तुटत असेल हे जाणतो. शाहू स्टेडियम भरलेलं, गल्लीतली सगळी माणसं वर बसलेली, आणि आपण बाहेर. तरीही नाही.

व्हॅन डाइकला १७ ऑक्टोबर २०२० रोजी एव्हर्टनविरुद्ध हीच दुखापत झाली. मॅच सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, गोलकीपर येऊन पायावर आदळला. पुढच्या जूनमध्ये युरो कप होता. तो हॉलंडचा कॅप्टन, आणि तोवर एकाही मोठ्या स्पर्धेत देशाकडून खेळलेला नव्हता, कारण २०१६चा युरो आणि २०१८चा वर्ल्ड कप हॉलंडला गाठताच आला नव्हता. इतक्या वर्षांनी दार उघडलं होतं. ऑपरेशनला सहा-सात महिने झालेले. तरी मे महिन्यात त्यानं स्वतः जाहीर केलं की मी जाणार नाही, गुडघा पूर्ण बरा करणार. जुलैअखेर तो एका मैत्रीपूर्ण सामन्यात शेवटची काही मिनिटं उतरला, नऊ महिन्यांहून जास्त काळानं. पुढच्या हंगामात लिव्हरपूलनं एफए कप आणि लीग कप दोन्ही घेतले. वर्ल्ड कपही त्याला मिळाला, २०२२चा, कॅप्टन म्हणूनच.

त्याच्याजवळ जगातले नामांकित फिजिओ होते, तरी एवढा वेळ लागला. तुमच्या मुलाला फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढे व्यायाम एकही दिवस न चुकवता करू द्या. दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झाली की नाही हे त्यांनी तपासावं, आणि परवानगी त्यांनी आणि सर्जननी द्यावी. टीमच्या मॅनेजरनं नव्हे, मंडळाच्या अध्यक्षांनी तर मुळीच नव्हे.

कॉर्नर मिळाला की बॅकनं पुढं जावं का?
येळ्ळूर

जरूर जावं, उंच असेल तर. लिव्हरपूलकडून पहिल्याच मॅचमध्ये व्हॅन डाइकनं कॉर्नरवर हेडर मारून एव्हर्टनला हरवलं. २०२४च्या लीग कप फायनलला चेल्सीविरुद्ध ११८व्या मिनिटाला मॅचचा एकुलता गोल त्याचाच, तोही कॉर्नरवरच. पण आपण गेलो की मागं कोण थांबणार, हे आधी ठरवून जा.

आमच्या गावात मुली फुटबॉल खेळायला लागल्यात. मला स्टॉपर व्हायचंय, पण हेडिंगची भीती वाटते. मुलींमध्ये व्हॅन डाइकसारखी कुणी आहे का?
आठवीतली मुलगी, उचगाव

आहे की! तीही हॉलंडचीच. स्टेफनी व्हॅन डर ग्राख्ट, सेंटर बॅक. २०१७ साली हॉलंडच्या मुलींनी घरच्या मैदानावर युरो कप जिंकला, त्या टीममध्ये ती होती. २०१९च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीविरुद्ध क्वार्टर फायनलला तिनं हेडरनं गोल केला. आणि २०२३च्या वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल तू बघच. स्पेनविरुद्ध ८१व्या मिनिटाला तिच्या हाताला बॉल लागल्यामुळं मिळालेल्या पेनल्टीवर गोल झाला. दुसरी कुणी असती तर मान खाली घालून उभी राहिली असती. ही दहा मिनिटांत थेट पुढं गेली आणि ९१व्या मिनिटाला गोल मारून बरोबरी करून आली. जादा वेळेत हॉलंड हरलं, आणि ती तिची शेवटची मॅच ठरली, स्पर्धेनंतर निवृत्त होणार हे तिनं आधीच सांगितलं होतं.

हेडिंगचं म्हणशील तर भीती बहुतेकांना असते, कारण डोळे मिटतात आणि बॉल नाकावर किंवा टाळूवर बसतो. सुरुवात हलक्या बॉलनं कर, व्हॉलीबॉल चालेल. मैत्रिणीला दोन पावलांवरून हातानं उडवून द्यायला सांग. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, बॉल कपाळाच्या मधोमध घ्यायचा, आणि मान कडक ठेवून तू बॉलला मारायचं, बॉलला तुला मारू द्यायचं नाही. एका दिवशी थोडेच हेडर मार. डोकं जड झालं किंवा दुखलं तर लगेच थांब आणि घरी सांग. महिनाभर हे जमलं की मग खऱ्या बॉलवर ये, आणि कसं चाललंय ते मला पुन्हा लिही.