ईमेल तोच, माणूस दुसरा

प्रश्न : आमच्या हिंजवडीतल्या कंपनीत रजा आणि पगाराचं सॉफ्टवेअर आम्हीच बनवलेलं आहे, लॉगिन सिंगल साइन-ऑनने (एकाच लॉगिनवर सगळी ॲप), ओपनआयडी कनेक्ट या मानकावर. नोकरी सोडून गेलेल्या एकाचा ईमेल त्याच नावाच्या नव्या कर्मचाऱ्याला मिळाला आणि पहिल्याच लॉगिनला त्याला आधीच्या माणसाच्या सॅलरी स्लिप दिसल्या. दोष साइन-ऑनचा का?

उत्तर : नाही. साइन-ऑन सर्व्हर फक्त समोर कोण आहे ते सांगतो. त्याला काय दाखवायचं ते तुमचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि ते ईमेलवरून खातं शोधतं. ईमेल आडनावाबरोबर बदलतो, मोकळा झाला की दुसऱ्याला जातो. ओपनआयडी कनेक्टच्या मानकाप्रमाणे ओळख पटवायची ती टोकनमधल्या (साइन-ऑन सर्व्हर लॉगिननंतर देतो त्या सही केलेल्या ओळखचिठ्ठीतल्या) ‘आयएसएस’ (टोकन देणारा सर्व्हर कोणता) आणि ‘सब’ (त्या सर्व्हरने त्या माणसाला दिलेली कायमची ओळख) या जोडीवरूनच. 2023 मध्ये उघड झालेली ‘एनओऑथ’ त्रुटी याच जातीची होती: हल्लेखोर मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेत स्वतः उघडलेल्या टेनंटमधल्या (एका संस्थेसाठीच्या वेगळ्या कप्प्यातल्या) खात्यावर दुसऱ्याचा ईमेल लिही आणि ईमेलवर विसंबलेल्या ॲपमध्ये त्याच्या नावाने शिरे.

युजर टेबलात आयएसएस आणि सब हे दोन कॉलम घाला, दोन्ही मिळून युनिक ठेवा. लॉगिनला शोध याच जोडीवर. ईमेल फक्त पत्रव्यवहारापुरता. जुनी खाती जोडताना मात्र जपून. ‘पुढच्या लॉगिनला ईमेल जुळला की सब भरून टाकू’ हा मोह होतोच, पण त्याने हेच भोक पुन्हा उघडतं. एचआरच्या एम्प्लॉयी नंबरवरून जोडा, आणि सोडून गेलेल्यांची खाती त्याआधी बंद करा. साइन-ऑनसाठी मायक्रोसॉफ्टची एन्ट्रा ही सेवा असेल तर सब प्रत्येक ॲपला वेगळा मिळतो. अनेक ॲपमध्ये एकच ओळख हवी असल्यास ‘टीआयडी’ (टेनंटचा आयडी) आणि ‘ओआयडी’ (त्या टेनंटमधल्या खात्याचा आयडी) वापरा.

टोकनची सही, ऑडियन्स (टोकन कोणत्या ॲपसाठी दिलंय ते) आणि मुदत सर्व्हरवर तपासली जाते ना, तेही पाहा. प्रत्येक स्लिप देताना ती लॉगिन केलेल्याचीच आहे का, हे सर्व्हरनेच पडताळायला हवं. मेनूतून बटण लपवणं म्हणजे बंदोबस्त नव्हे. दोन चाचणी खाती घ्या, एकाच्या सेशनमधून दुसऱ्याच्या स्लिपचा आयडी मागा. 403 (परवानगी नाही) किंवा 404 (सापडलं नाही) यायला हवा.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. डिरेक्टरीत (साइन-ऑनच्या कर्मचारी-खात्यांच्या यादीत) खातं बंद केलं तरी तुमच्या ॲपचं चालू सेशन आपोआप मरत नाही, आणि ॲपचा जुना पासवर्ड लॉगिन शिल्लक असेल तर तो दरवाजाही उघडाच राहतो. सेशनची मुदत कमी करा, जुना लॉगिन काढून टाका. ज्यांच्या स्लिप दिसल्या, त्यांना कंपनीने आजच कळवावं.